१ एप्रिलचं बिल ३१ मार्चला कसं गेलं? (तारीख, टाइमझोन आणि यूटीसीचं लफडं)

उद्यमबागचा_पोऱ्या
मंडळी जरा मदत पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं डिस्पॅच आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आमच्याकडं मेंटेनन्सला आलंय, लिहिलेलं दुसऱ्याच कुणीतरी, रिअ‍ॅक्ट, सर्व्हरला नोड आणि डेटाबेस पोस्टग्रेस. कास्टिंग थोडी कोल्हापूर-पुण्याला जातात, थोडी जर्मनीला. फेब्रुवारीपर्यंत हे सगळं त्यांच्या ऑफिसातल्या एका जुन्या विंडोज मशीनवर चालत होतं, मग मालक म्हणाले सारखी लाइट जातीय, क्लाउडवर टाका, टाकलं. महिनाभर कुणाची तक्रार नाही. १ एप्रिलला सकाळी पहिलं बिल केलं, नवीन वर्ष म्हणून नंबर परत १ पासून, तर जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलनं ड्युप्लिकेट म्हणून परत मारलं. स्क्रीनवर तारीख १ एप्रिल दिसतीय, पीडीएफवर ३१ मार्च. डेटाबेस उघडून बघितला तर आत २०२५-०३-३१ १८:३०:०० आणि शेवटी झेड, म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाण वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढं.

त्याच दिवशी दुसरं. जर्मनीच्या कस्टमरबरोबर दर मंगळवारी क्वालिटीचा कॉल असतोय, रिमाइंडर ह्याच सॉफ्टवेअरमधून जातंय. आमची माणसं अडीचला जाऊन बसली, ते लोक दीडलाच येऊन वाट बघून गेलेले. मालकांचा फोन आला तेव्हा काय बोलले ते इथं लिहीत नाही.

दोन्हीचं मूळ एकच आहे का? जिथं बघावं तिथं "यूटीसीमध्ये ठेवा" एवढंच सांगतात, खरं इथं तर सगळं यूटीसीमध्येच आहे की.

खानापूर_एक्सप्रेस
साडेपाच तास मिळव आणि चहा प्यायला ये. 😄

निपाणीवाला
एक्सप्रेस, तुझ्या असल्या सल्ल्यानंच हे कोड असं झालेलं असतंय बघ. साडेपाच मिळवू नकोस रे पोऱ्या, आज एका जागी मिळवशील, उद्या दुसरा कुणीतरी दुसऱ्या जागी मिळवेल आणि मग ११ तासाचा फरक शोधत बसाल.

मूळ एक नाही, दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच आठवड्यात वर आली एवढंच. पहिलं आधी घे. बिलाची तारीख ही "वेळ" नाहीच मुळात. १ एप्रिल म्हणजे १ एप्रिल, त्याला तास मिनिट काही नाही, त्यामुळं टाइमझोनही नाही. पण जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला नुसती तारीख म्हणून काही कळतच नाही, त्याच्या पोटात फक्त १९७० पासूनचे मिलिसेकंद असतात. कॅलेंडरवर १ एप्रिल निवडलं की तो धरतो बेळगावातली १ एप्रिलची मध्यरात्र, आणि जेसन (पाठवायचा मजकूर) करून सर्व्हरला पाठवताना ती आपोआप यूटीसीत जाते, म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहा. तुझे १८:३० ते हेच. ब्राउझर परत वाचताना आयएसटीत (भारतीय वेळेत) आणून दाखवतोय म्हणून स्क्रीन बरोबर. पीडीएफ सर्व्हरवर बनते. जुनं विंडोज मशीन आयएसटीवर होतं म्हणून इतकी वर्षं खपून गेलं, क्लाउडचं मशीन यूटीसीवर, त्याला ३१ मार्चच दिसणार.

आणि मुंबई रीजन घेतलाय म्हणून घड्याळ मुंबईचं असेल असं समजू नका कुणी. मशीन मुंबईत असलं तरी डीफॉल्ट यूटीसीच असतंय.

सीए_अनगोळ
मी कोडवाला नाही, ऑडिटवाला आहे, पण हा धागा बघून थांबलो. ते ड्युप्लिकेट का आलं ते सांगतो. आयआरएन (बिलाचा पोर्टलवरचा ओळख नंबर) जो तयार होतो तो तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर), डॉक्युमेंटचा प्रकार, नंबर आणि आर्थिक वर्ष ह्या चारावरून. तुमचा बिल नंबर १, तारीख गेली ३१/०३/२०२५, म्हणजे वर्ष २०२४-२५. त्या वर्षाचं १ नंबरचं बिल गेल्या एप्रिलमध्येच होऊन गेलंय. पोर्टल बरोबरच बोललं. नशीब समजा की नंबरात वर्ष घातलेलं नव्हतं, नाहीतर ते गुपचूप मार्चमध्ये जाऊन बसलं असतं आणि मला सप्टेंबरात सापडलं असतं.

खरं माझा प्रश्न वेगळाच आहे. क्लाउडवर टाकल्यापासून मार्चची सगळी बिलं एक दिवस मागं गेली असणार की? महिना तोच राहिला म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करता येतो, आता ती वेळ गेली, आणि रद्द केलेला नंबर परत वापरताही येत नाही. आधी यादी काढा, मग तुमच्या सीएंना घेऊन बसा, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायच्या आत.

उद्यमबागचा_पोऱ्या
@सीए_अनगोळ सर, बघितलं. मार्चची सगळी मागंच आहेत. मालकांना अजून सांगितलेलं नाही, जेवण झाल्यावर सांगतो.

संकेश्वरी_मिरची
पोऱ्या, त्या कॉलमचा टाइप काय आहे? टाइमस्टॅम्पटीझेड (तारखेबरोबर वेळही ठेवणारा) असणार. ते बदलून साधं डेट कर, आणि ब्राउझरमधून येताना "२०२५-०४-०१" असा नुसता मजकूर येऊ दे, तारखेचं ऑब्जेक्ट मध्ये कुठंच तयार होऊ देऊ नकोस. ई-इनव्हॉइसच्या जेसनमध्येसुद्धा बघ, तारीख दिवस/महिना/वर्ष अशी साधी मजकूर म्हणूनच मागतात, वेळ नाही झोन नाही.

अजून एक, ह्यात सगळे अडकतात. नोडचा जो नेहमीचा पोस्टग्रेस ड्रायव्हर आहे, तो डेट टाइपचा कॉलम वाचतानासुद्धा स्वतःहून त्याचं जावास्क्रिप्ट डेट ऑब्जेक्ट करून देतो, त्या मशीनच्या मध्यरात्रीचं. म्हणजे पुढच्या दारानं हाकललेलं मागच्या दारानं आत. त्याला सांगावं लागतं की टाइप नंबर १०८२ आला की मजकूर तसाच दे. दोन ओळींचं काम आहे, खरं माहीत नसलं तर रात्र जातीय.

मच्छे_फाटा
मला हे पटत नाही. सगळं यूटीसी, दाखवताना कन्व्हर्ट, एवढा एक नियम पाळला तर काही होत नाही. आम्ही आमच्या सगळ्या प्रॉडक्टमध्ये हेच करतोय. ब्राउझरमध्ये "२०२५-०४-०१" असा मजकूर दिला तरी तारीख बरोबरच येते, करून बघा.

निपाणीवाला
फाटा साहेब, बरोबर येते कारण तुम्ही बेळगावात बसून करून बघताय. नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरतं, आपल्याकडं तेव्हा पहाटेचे साडेपाच, तारीख तीच. तेच न्यूयॉर्कला बसलेल्याला आदल्या दिवशीची संध्याकाळ दिसते. आणि गंमत म्हणजे त्याच मजकुराला पुढं "००:००" वेळ चिकटवली आणि झोन दिला नाही तर तेच जावास्क्रिप्ट ती लोकल वेळ धरतं. एकाच भाषेत दोन नियम. आपण यूटीसीच्या पुढं आहोत म्हणून वाचताना वाचतो, लिहिताना मरतो. अमेरिकेवाल्यांचं बरोबर उलटं. त्यामुळं इंटरनेटवरची त्यांची उत्तरं इथं आणून चिकटवली की आपला बग तसाच राहतो.

टेस्ट चालवताना टीझेड व्हेरिएबल (प्रोग्रॅमला टाइमझोन सांगणारं) एकदा ऑकलंडचं आणि एकदा लॉस एंजेलिसचं लावून बघा. दोन्हीकडं हिरवं आलं तर मी तुमच्या बाजूनं बोलतो.

मच्छे_फाटा
बरं, तारखेचं मानलं. मीटिंगचं काय? ती तर वेळच आहे. यूटीसीच पाहिजे.

निपाणीवाला
तिथंच तर खरी मेख आहे.

पोऱ्या, तुझा मंगळवारचा कॉल. हिवाळ्यात जर्मनी यूटीसीच्या एक तास पुढं, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढं करतात, यंदा तो ३० मार्च, आपला पाडवा. त्या दिवसापासून त्यांचे दहा म्हणजे आपले दीड. तुझ्या सॉफ्टवेअरनं कॉल ठेवलाय "०९:०० यूटीसी, दर सात दिवसांनी" असा. यूटीसी हललं नाही, आपण हललो नाही, जर्मनी हलली. आता २६ ऑक्टोबरला ते परत मागं येतील आणि तुम्ही मध्ये काहीच केलं नाहीत तर आपोआप जुळेल, आणि मालक म्हणतील बघा सुधारलं.

जो प्रसंग होऊन गेला त्याला यूटीसी चालतंय. गाडी गेटमधून कधी सुटली, हीट (भट्टीतला वितळलेला धातू) कधी ओतली, कुणी कधी लॉगिन केलं, हे सगळं ठेवा यूटीसीत, काही अडत नाही. पण पुढं होणारी गोष्ट, "बर्लिनच्या घड्याळात दहा वाजता", हा त्या गावच्या घड्याळाशी केलेला करार असतोय. तो यूटीसीत वितळवून ठेवला की कोणत्या गावाचं घड्याळ ते कायमचं गेलं. नंतर कुणी कितीही हुशार आला तरी ०९:०० यूटीसी बघून त्याला बर्लिन काढता येत नाही, तेव्हा लागोसलाही दहाच वाजलेले असतात.

म्हणून तीन गोष्टी ठेव: वार, वेळ १०:००, आणि झोनचं नाव युरोप/बर्लिन. पुढच्या कॉलची यूटीसी वेळ ह्यावरून काढून वेगळ्या कॉलममध्ये ठेवलीस तर हरकत नाही, रिमाइंडरला लागतीयच, पण ती काढलेली म्हणून समजायची, मूळ म्हणून नाही.

संकेश्वरी_मिरची
+१. आणि झोनचं नाव म्हणजे नावच, "+०१:००" नव्हे. तो ऑफसेट आहे, म्हणजे यूटीसीपासूनचा त्या क्षणाचा फरक. उन्हाळ्यात +०२ होतो हे त्यात कुठं लिहिलंय? आणि "आयएसटी" असलं तीन अक्षरांचं तर मुळीच नको, भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघंही तेच लिहितात.

खरं त्याआधी मालकांना विचार की कॉल कुणाच्या घड्याळानं ठरलाय. "त्यांच्या दहाला" की "आपल्या अडीचला"? हे कुठल्याच लायब्ररीला कळत नाही. आमच्याकडं एका दुबईच्या कामात प्रोग्रॅमर लोक आठवडाभर भांडले आणि शेवटी मॅडम म्हणाल्या, अहो आम्ही नेहमी इथल्याच वेळेनं फोन करतो.

खानापूर_एक्सप्रेस
आमच्याकडं ब्राउझरला झोन विचारला तर एशिया/कलकत्ता सांगतोय आणि सर्व्हरवर एशिया/कोलकाता. कोड दोन्ही मजकूर जुळवून बघतंय आणि युजरला रोज मेल, "तुमचा टाइमझोन बदललेला दिसतोय". युजर कणकुंबीतनं हललेला नाही. हे कुणाला आलंय का?

निपाणीवाला
क्रोम अजून जुनंच नाव देतंय. दोन्ही एकच, जुनं नाव टोपणनाव म्हणून यादीत राहिलंय. पाटीवर बेळगावी, तोंडात बेळगाव, तसंच. मजकूर म्हणून जुळवू नकोस, आधी दोन्ही एकाच नावावर आण आणि मग तुलना कर.

मच्छे_फाटा
एक शंका. चांगल्या लायब्ररीनं जर बर्लिनचे नियम धरून पुढच्या प्रत्येक मंगळवारची यूटीसी वेळ वेगवेगळी काढून ठेवली, तर? एप्रिलची ०८:०० आणि नोव्हेंबरची ०९:००. मग झोनचं नाव नसलं तरी चालेल की.

निपाणीवाला
चालेल, जोवर सरकार नियम बदलत नाही तोवर. आणि सरकारं बदलतात. मेक्सिकोनं २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तनं २०२३ मध्ये परत चालू केली, कझाकस्ताननं १ मार्च २०२४ पासून सगळा देश एका वेळेवर आणला. सगळ्यात कहर लेबनॉन, मार्च २०२३. घड्याळ पुढं करायला दोनतीन दिवस उरलेले आणि सरकार म्हणालं, आता नको, रमजान झाल्यावर. निम्म्या लोकांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, एकाच गावात दोन वेळा. मग थोड्याच दिवसांत सरकारनं निर्णय फिरवला. टाइमझोनची जी जागतिक यादी आहे, आयानाची, तिची २०२३बी आवृत्ती ह्यासाठी निघाली आणि पाठोपाठ २०२३सी, ते परत पुसायला. आधीच यूटीसी काढून ठेवलेल्यांनी काय केलं असेल? नाव ठेवलेल्यांनी यादी अपडेट केली आणि परत हिशेब काढला.

ती यादीसुद्धा एका जागी नसते बरं का. लिनक्सची वेगळी, जावाची वेगळी, नोडच्या पोटात वेगळी, पोस्टग्रेसची आपली असू शकते. एक अपडेट केली आणि दुसरी राहिली की एकाच सर्व्हरवर दोन उत्तरं.

मच्छे_फाटा
ओके. पटलं. सोमवारी टीमला सांगतो, शिव्या मी खातो.

शहापूर_पेन्शनर
नमस्कार. मी सरकारी खात्यात कॉम्प्युटर विभागात होतो, आता घरी असतो. तुम्हा मुलांचं बोलणं वाचून एक जुनी गोष्ट आठवली ती लिहितो. आमच्याकडं पेन्शनरांची यादी नवीन सिस्टीमवर नेली तेव्हा काही जणांची जन्मतारीख एक दिवस मागं आली, सगळ्यांची नाही, फक्त काहींचीच. त्या काळात शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट १ जून घालायचे, त्यामुळं ३१ मे दिसलं की लगेच डोळ्यावर यायचं. पुढं कळलं की ही सगळी मंडळी युद्धाच्या काळात जन्मलेली. दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ तासभर पुढं होतं, म्हणजे साडेसहा तास, सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, आणि त्याच्या आधीही काही महिने. कॉम्प्युटरला हा इतिहास पाठ होता. त्यानं १ जून १९४४ ची मध्यरात्र घेतली, साडेसहा तास वजा केले, आणि ज्यानं परत दाखवायचं कोड लिहिलं त्यानं सरळ साडेपाच मिळवले. रात्रीचे ११, तारीख ३१ मे.

खानापूर_एक्सप्रेस
सर 🙏 साडेपाच मिळव म्हणणारा मीच होतो, जातो मी.

संकेश्वरी_मिरची
सर भारी. जन्मतारखेला झोन लावायचाच कशाला, तीच बिलाची गोष्ट.

इतिहासावरून अजून एक. पायथॉनवाले कुणी असाल तर पायटीझेड लायब्ररीत बघा, एशिया/कोलकाता थेट डेटटाइम तयार करतानाच दिला तर ऑफसेट पाच तास त्रेपन्न मिनिटं येतोय. ती कोलकात्याची रेल्वे-तार यायच्या आधीची सूर्यावरची वेळ, यादीतली पहिलीच नोंद तो उचलतो. सकाळी दहाची नोंद नंतर नीट आयएसटीत आणली की ९:३७ दिसते. २३ मिनिटांचा फरक कुठं दिसला की डोळे झाकून हेच समजायचं. पायथॉन ३.९ पासून त्यातच झोनइन्फो आलंय, तेच वापरा.

सीए_अनगोळ
माझा एक बाळबोध प्रश्न. "आजचं प्रॉडक्शन" म्हणून रिपोर्ट येतो, त्यात तिसऱ्या पाळीचे आकडे कायम दोन दिवसांत फाटलेले दिसतात. ह्याच्यातलंच का?

निपाणीवाला
शंभर टक्के. हीटची वेळ यूटीसीत ठेवली ते बरोबरच, पण रिपोर्टवाल्यानं दिवस पाडतानाही यूटीसीचाच पाडला. यूटीसीचा दिवस आपल्याकडं पहाटे साडेपाचला बदलतोय, रात्रपाळी मधोमध कापली जाते. आधी एशिया/कोलकाताच्या वेळेत आणायचं, मग दिवस पाडायचा. आणि फाउंड्रीचा दिवस बहुतेक सकाळी सातला सुरू होतो, तेही मालकांना विचारून घ्या, मध्यरात्री नाही.

उद्यमबागचा_पोऱ्या
सगळ्यांना धन्यवाद. मालकांना सांगितलं, अपेक्षेपेक्षा शांत होते, सीए उद्या येणारेत. कॉल "त्यांच्या दहाला" असं ठरलंय. आता जुना डेटा राहिला. बिलाच्या तारखा डेट टाइपमध्ये न्यायच्यात, काही ओळींत १८:३० आहेत आणि एक्सेलमधून घेतलेल्या ओळींत ००:०० आहेत. दोन वेगळी स्क्रिप्ट लिहू का?

निपाणीवाला
नको, एकच पुरतंय. सगळ्यांना एशिया/कोलकातात आणून तारीख काप. १८:३० ची होते दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र, ००:०० ची होते त्याच दिवशीचे पहाटेचे साडेपाच, दोन्हीकडं हवी तीच तारीख. दुबईहून किंवा जर्मनीहून कुणी बिल टाकलं असेल तरी बरोबर येतंय, त्यांची मध्यरात्र आपल्याकडं पहाटेच पडते. आपल्या पूर्वेकडून टाकलेली मात्र चुकणार. सिंगापूरची मध्यरात्र म्हणजे आपले आदल्या रात्रीचे साडेनऊ. आधी वेळेप्रमाणं गट पाडून मोज, १८:३० आणि ००:०० सोडून काय काय आहे ते बघ. आणि जुना कॉलम उडवू नकोस, नाव बदलून तसाच राहू दे.

उद्यमबागचा_पोऱ्या
गट पाडले. बाकी सगळं ठीक, खरं १६:०० च्या थोड्या ओळी निघाल्या. अकाउंटंट मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, साहेब मागं सिंगापूरला गेलेले तेव्हा लॅपटॉपवरनं त्यांनीच बिलं केलेली. तेवढी बाजूला काढलीत, पीडीएफ बघून हातानं करतो.